सीएलए घ्यावा की डीसीओ, आणि कमिटचा हक्क कोणाला?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एमआयटी या सैल ओपन सोर्स परवान्याखालची एक लायब्ररी (इतर प्रोग्रामांत वापरायचा तयार कोड), पाच-सहा वर्षं जुनी. साठेक जणांनी आजवर कोड दिलाय. सांभाळणारे तिघे, पण त्यातला एक दोन वर्षांपासून गायब आणि पॅकेज रजिस्ट्रीवरची, म्हणजे लोक लायब्ररी जिथून उतरवून घेतात तिथली, मालकी नेमकी त्याच्याच नावावर. आता एका कंपनीतला इंजिनिअर चार हजार ओळींचं नवं मॉड्यूल घेऊन आलाय. काम चांगलं आहे, आणि त्याला कमिटचा, म्हणजे प्रोजेक्टमध्ये थेट कोड घालायचा, हक्कही हवाय. कोणीतरी सुचवलं की आधी सगळ्यांकडून सीएलएवर, म्हणजे योगदानाच्या हक्कांच्या करारावर, सह्या घ्या, म्हणजे पुढची चिंता मिटेल. तर सीएलए घ्यावा, की डीसीओ ही बदलासोबत दिलेली साधी लेखी हमी पुरेल, आणि या माणसाला हक्क द्यावा का?

सह्या घेऊन चिंता मिटणार नाही, कारण तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या भानगडी एकमेकींत अडकल्या आहेत. देणाऱ्याला तो कोड द्यायचा अधिकार होता का, ही एक. आलेला कोड आत कोण घेऊ शकतं आणि लोकांपर्यंत कोण पोचवू शकतं, ही दुसरी. पहिली कागदावर सुटते, दुसरी सेटिंगमध्ये. सीएलएवर व्यवस्थित सही केलेला माणूस खुशाल बॅकडोअर, म्हणजे मागून शिरायची चोरवाट, ठेवू शकतो. उलट दहा वर्षांच्या विश्वासू कमिटरच्या कोडवर उद्या त्याची कंपनी हक्क सांगू शकते. म्हणून दोन्हींचा वेगवेगळा विचार करू. आधी कागद.

तुम्ही काहीच कागद केला नाही तर काय होतं, इथून सुरुवात करायला हवी. पुष्कळांना वाटतं की करार नाही म्हणजे सगळं हवेतच आहे. तसं नसतं. ज्या परवान्याखाली प्रोजेक्ट बाहेर जातो त्याच परवान्याखाली योगदान आत येतं, असा ओपन सोर्समधला जुना रिवाज आहे. अपाचे २.० परवान्याच्या पाचव्या कलमात तो स्पष्ट लिहिलाय: प्रोजेक्टमध्ये घालण्यासाठी जाणूनबुजून दिलेलं योगदान, वेगळं काही सांगितलं नसेल तर, त्याच परवान्याखाली दिलं असं धरायचं. एमआयटीत असं कलम नाही. पण रेपो, म्हणजे प्रोजेक्टचा कोड ठेवायची जागा, गिटहब या साइटवर असेल तर गिटहबच्या सेवाशर्ती तेच काम करतात. परवाना लावलेल्या रेपोत दिलेलं योगदान त्याच परवान्याखाली आलं असं तिथे म्हटलंय. त्यामुळे तुमच्या साठ जणांचा कोड बेवारस नाही. फक्त कोणी पॅच (कोडमधला बदल) मेलने पाठवला असेल किंवा चॅटमध्ये चिकटवला असेल आणि तुम्ही तो स्वतःच्या नावाने कमिट केला असेल, तर ती जागा कच्ची आहे. कॉन्ट्रिब्युटिंग फाइलमध्ये, म्हणजे योगदानाचे नियम सांगणाऱ्या फाइलमध्ये, या अर्थाच्या दोन ओळी आजच टाका. त्याला वकील लागत नाही.

याच्या वरची पायरी म्हणजे डीसीओ. तो कुठून आला हे पाहिलं की तो कशासाठी आहे हे कळतं. मार्च २००३मध्ये एससीओ ग्रुपने आयबीएमवर दावा ठोकला. युनिक्समधला आपला कोड लिनक्समध्ये घातला गेलाय, असं त्यांचं म्हणणं होतं. दावा वर्षानुवर्षं रेंगाळला, पण लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, सांभाळणाऱ्यांना त्यातून एक गोष्ट टोचली: अमुक ओळ कोणाकडून आली आणि कोणाकोणाच्या हातून आत शिरली, याची सलग नोंदच नव्हती. मे २००४मध्ये लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सने पॅचच्या खाली ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ही ओळ टाकायची पद्धत मांडली. लिहिणारा ती टाकतो, आणि पुढे ज्या ज्या मेंटेनरच्या (कोड सांभाळणाऱ्याच्या) हातून पॅच सरकतो तोही आपली ओळ खाली जोडतो. म्हणजे ही एका माणसाची सही नाही, हातोहात दिल्याची साखळी आहे.

त्या एका ओळीमागे चार विधानं आहेत आणि ती योगदानकर्त्याने एकदा तरी वाचावीत असा माझा आग्रह असतो. कोड मी लिहिलाय आणि या परवान्याखाली द्यायचा मला अधिकार आहे. किंवा तो आधीच्या अशा कामावर बेतलाय ज्याचा परवाना हे करू देतो. किंवा ज्याने मला दिला त्यानेही हीच हमी दिली होती आणि मी त्यात बदल केलेला नाही. चौथं विधान लोक वाचतच नाहीत: हे योगदान आणि त्यासोबतची माझी ओळख सार्वजनिक राहील, कायमची जपली जाईल, हे मला मान्य आहे. तीन वर्षांनी कोणीतरी ‘माझा ईमेल इतिहासातून काढा’ म्हणत येतो, तेव्हा हेच चौथं विधान उघडून दाखवावं लागतं.

डीसीओ लावताना होणारे दोन घोटाळे मी इतक्यांदा पाहिलेत की सांगितल्याशिवाय राहवत नाही. पहिला: गिट या कोडचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात कमिट करताना लहान एस दिला तर साइन-ऑफची ओळ पडते, मोठा एस दिला तर क्रिप्टोग्राफिक सही होते. दोन्ही पूर्ण वेगळ्या गोष्टी. साइन-ऑफ म्हणजे शब्द देणं, सही म्हणजे कमिट अमक्या किल्लीने केल्याचा पुरावा. ‘मी तर साइन केलंय, तरी साइन-ऑफ तपासणारा बॉट लाल का दाखवतोय’ या प्रश्नाचं उत्तर दहातल्या नऊ वेळा हेच असतं. दुसरा घोटाळा स्क्वॅश मर्जचा, म्हणजे अनेक कमिट एकात गुंडाळून मुख्य शाखेत घेण्याचा. योगदानकर्त्याने बारा कमिटांवर इमानदारीने साइन-ऑफ केलेलं असतं आणि मर्ज करणारा मेंटेनर लांबलचक संदेश ‘साफ’ करताना त्या ओळीच पुसून टाकतो. मुख्य शाखेच्या इतिहासात मग काहीच उरत नाही. स्क्वॅश करणार असाल तर मर्ज करणाऱ्याने त्या ओळी ठेवायच्याच, सहलेखकांच्या ओळींसकट. सहलेखकाचं नाव खाली आहे पण साइन-ऑफ एकाचाच, हेही नेहमी नजरेतून सुटतं.

आता सीएलए. या नावाखाली दोन अगदी निराळे कागद फिरतात. एकात तुम्ही कॉपीराइट स्वतःकडे ठेवता आणि प्रोजेक्टला वापरायचा व्यापक परवाना देता. अपाचे फाउंडेशनचा वैयक्तिक करार, म्हणजे आयसीएलए, हा त्यातला, आणि तो दिल्याशिवाय तिथे कमिटरचं खातं मिळत नाही. दुसऱ्यात कॉपीराइटच प्रोजेक्टच्या मालकाला देऊन टाकता. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने अनेक जीएनयू प्रोजेक्टांसाठी वर्षानुवर्षं हेच केलं. कारणही रास्त होतं: जीपीएल, म्हणजे पुढचा कोडही खुला ठेवायला लावणारा परवाना, मोडणाऱ्यावर कोर्टात जायचं तर मालक एकच असलेला बरा. तरी जून २०२१मध्ये जीसीसी या जीएनयूच्या कंपायलर प्रोजेक्टने ही सक्ती उठवली आणि डीसीओ चालेल असं जाहीर केलं. जर्मनीसारख्या देशात तर कॉपीराइट असा पूर्णपणे दुसऱ्याच्या नावे करताच येत नाही. त्यामुळे तिकडे केडीईसारखे समुदाय विश्वस्त पद्धतीचा करार वापरतात: हक्क संस्थेकडे द्यायचे, पण संस्थेने मुक्त सॉफ्टवेअरची वाट सोडली तर ते परत. मला हा प्रकार सर्वांत प्रामाणिक वाटतो, कारण बहुतेक सीएलए फक्त देणाऱ्याला बांधतात, घेणारा मोकळाच असतो.

मग कंपन्या सीएलए एवढ्या हट्टाने का मागतात? सांगायचं कारण ‘कायदेशीर स्वच्छता’ असतं. ते पूर्ण खोटं नाही. पेटंटचा स्पष्ट परवाना आणि नोकरी देणाऱ्याच्या संमतीचं कलम सीएलएत असतं, डीसीओत पेटंटविषयी शब्द नाही. पण खरं वजन असतं परवाना बदलायच्या मुभेला. डेटाबेसवाल्या मोंगोडीबीने ऑक्टोबर २०१८मध्ये एजीपीएल हा जीपीएलच्याच जातीचा परवाना सोडून एसएसपीएल हा परवाना घेतला. एजीपीएलखाली आलेला बाहेरच्यांचा कोड दुसऱ्या परवान्याखाली न्यायचा तर प्रत्येकाची संमती हवी. त्यांच्याकडे ती सीएलएच्या रूपाने आधीच होती. हॅशीकॉर्पने ऑगस्ट २०२३मध्ये टेराफॉर्म हे आपलं साधन एमपीएल या ओपन सोर्स परवान्यावरून बिझनेस सोर्स लायसन्स या बंधनं घालणाऱ्या परवान्यावर नेलं, तिथेही सीएलए होता. त्यातून ओपनटोफू हा फोर्क, म्हणजे जुन्या कोडवरून वेगळा काढलेला प्रोजेक्ट, निघाला.

इथे एक बारकावा आहे आणि तो थेट तुमच्या प्रश्नाला लागू पडतो. रेडिस या डेटाबेसने मार्च २०२४मध्ये बीएसडी परवाना सोडला. बीएसडी इतका सैल आहे की त्याखालचा कोड घेऊन पुढची आवृत्ती वेगळ्या परवान्याखाली काढायला मुळात कोणाला विचारावं लागत नाही. जुनी कॉपीराइट सूचना जपली की झालं. एमआयटीही तसाच. म्हणजे एमआयटीच्या प्रोजेक्टला सीएलए घेऊन परवाना बदलायची जी ताकद मिळेल, ती जवळजवळ सगळी आजही आहे, आणि तुम्हालाच काय, रस्त्यावरून जाणाऱ्यालाही आहे. साठ जणांच्या मागे लागून तुम्ही काय मिळवणार? पेटंटची काळजी असेल तर पुढच्या मोठ्या आवृत्तीपासून नवीन योगदान अपाचे २.०खाली घ्या, पेटंटचं कलम परवान्यातच येतं. सीएलएचं ओझं न घेता अर्धं काम होतं.

ओझं हा शब्द मी मुद्दाम वापरला. वाक्यातला एक शब्द दुरुस्त करायला आलेला माणूस तीन पानी करार बघतो आणि टॅब बंद करतो. नोकरदार असेल तर त्याला तो करार कंपनीच्या वकिलाकडे न्यावा लागतो, आणि तिथून तो लवकर परत येत नाही. गिटहबसारख्याच गिटलॅबने नोव्हेंबर २०१७मध्ये सीएलए काढून डीसीओ आणला. डेबियन आणि ग्नोम हे दोन मोठे समुदाय गिटलॅबवर यायचा विचार करत होते आणि त्यांना सीएलए नको होता. एवढ्या मोठ्या कंपनीला तो सोडून चाललं.

पण परवाना एमआयटीइतका सैल नसेल आणि तो कधीतरी बदलायची खरोखर शक्यता असेल, तर हिशेब उलटा होतो. ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीने अपाचे २.०कडे जायचं ठरवलं तेव्हा मार्च २०१७मध्ये चारशेच्या आसपास योगदानकर्त्यांना मेल गेले. त्यात ‘उत्तर आलं नाही तर हरकत नाही असं धरू’ असा आशय होता, आणि त्यावरून जोरदार आरडाओरडा झाला, कारण मौन म्हणजे संमती हे कॉपीराइटमध्ये चालत नाही. नव्या परवान्याखालची ३.० आवृत्ती आली सप्टेंबर २०२१मध्ये.

मी स्वतः याहून कितीतरी लहान प्रोजेक्टात हे केलंय. जीपीएलवरून अपाचेकडे जायचं होतं, नावं चाळीस. अडतीस जणांनी पंधरा दिवसांत होकार दिला. एकाने नाही म्हटलं. त्याचा तो हक्कच होता. एकाचा ईमेल बंद, खातं रिकामं, कोणालाच पत्ता नाही. त्या दोघांचा मिळून कोड सहाशे ओळींचा होता, पण तो होता पार्सरच्या पोटात. ज्याने जुना कोड कधी उघडला नव्हता अशा माणसाला फक्त टेस्ट आणि वर्णन देऊन आम्ही तो भाग नव्याने लिहून घेतला. चार महिने गेले. त्यातले पहिले तीन आठवडे तर कोणती ओळ कोणाची हे शोधण्यातच गेले. गिटच्या ब्लेमवर, म्हणजे कोणती ओळ कोणाची ते दाखवणाऱ्या आज्ञेवर, विसंबू नका: फाइल हलवली, कोडची मांडणी सरळ करणारा फॉरमॅटर फिरवला, की सगळ्या ओळी फॉरमॅटर चालवणाऱ्याच्या नावावर दिसतात.

किती लहान बदलाला कागद लागत नाही, हे मला नेहमी विचारलं जातं. कायद्यात आकडा नाही. जीएनयूच्या मेंटेनरांना दिलेला ढोबळ नियम साधारण पंधरा ओळींचा आहे, आणि त्यातही एकाच माणसाचे छोटे छोटे बदल बेरजेने मोजायचे. डीसीओ असेल तर हा वादच उरत नाही. एक ओळ सगळ्यांनीच टाकायची.

आता तुमचा इंजिनिअर. इथला खरा कागदी धोका त्याच्या नोकरीच्या करारात आहे. बऱ्याच ठिकाणी कामाच्या ओघात लिहिलेल्या कोडची पहिली मालक कंपनीच असते. काही करारांत तर घरी, स्वतःच्या लॅपटॉपवर लिहिलेल्यालाही जाळं टाकलेलं असतं. चार हजार ओळी कोणी शनिवार-रविवारी गंमत म्हणून लिहीत नाही. मी एकदा यात पोळलोय. आमच्या एका उत्तम योगदानकर्त्याने वैयक्तिक ईमेलवरून वर्षभर कोड दिला, नोकरी सोडली, आणि दोन महिन्यांनी त्याच्या आधीच्या कंपनीचं पत्र आलं की यातले तीन मॉड्यूल आमचे आहेत. त्याच्याशी भांडण होतं की आमच्याशी, हे आजही मला उमगलेलं नाही. शेवटी त्यांनीच माघार घेतली, पण तेवढ्या काळात तीन वापरकर्त्यांनी आम्हाला सोडलं. म्हणून तुमच्या माणसाला सरळ विचारा: हे कामाचा भाग म्हणून लिहिलंस का? असेल तर कंपनीत ज्याला अधिकार आहे अशा कोणाकडून तरी एक मेल हवा, की हे मॉड्यूल एमआयटीखाली द्यायला आमची संमती आहे. अपाचेचा कंपनी करार, सीसीएलए, हेच अधिक नीटपणे करतो. त्यात कंपनीच्या वतीने कोणकोण योगदान देऊ शकतं याची यादी जोडलेली असते. तुम्हाला अख्खा करार नको असेल तरी ती यादीची कल्पना उचला, आणि माणूस नोकरी सोडेल तेव्हा यादी जुनी होते हे लक्षात ठेवा.

नोंद कशी ठेवता यावर पुढचं सगळं टिकतं. करार घेतला असेल तर कोणत्या आवृत्तीवर, कोणत्या दिवशी आणि कोणत्या खात्याने सही झाली हे हवं. खात्याच्या नावावर थांबू नका. गिटहबवर नाव बदलता येतं आणि सोडलेलं नाव पुढे दुसरा कोणी घेऊ शकतो. खात्याचा अंकी आयडी बदलत नाही, तो टिपा. सीएलएच्या बॉटची सगळी माहिती त्या बॉटवाल्याच्या सर्व्हरवर असेल तर ती वेळोवेळी उतरवून ठेवा; सेवा बंद पडली की सह्याही गेल्या. घरचे पत्ते, फोन नंबर मागू नका. मागितले तर ते सांभाळायची जबाबदारीही आली. योगदानकर्ता सज्ञान नसेल आणि तुम्ही करार घेत असाल तर पालकांची सही घ्या. एकट्या त्याच्या सहीवर उद्या बोट ठेवता येतं.

एआय मॉडेलकडून लिहून घेतलेल्या कोडचं काय, हा नवा फाटा आहे आणि यावर एकमत नाही. क्यूईएमयू या एम्युलेटर प्रोजेक्टने २०२५मध्ये अशा कोडला नकार दिला. कारण नेमकं डीसीओचं होतं, की ज्याचा उगम स्वतःलाच ठाऊक नाही त्याची हमी माणूस कशी देणार. मी इतका कडक नाही. पण जो साइन-ऑफ करतो त्याने कमिटच्या संदेशात तसं लिहावं आणि ओळ न् ओळ समजावून सांगता यावी, एवढं मी मागतो.

कागद झाला. आता किल्ल्या, म्हणजे कोणाला काय करायचा हक्क, आणि मला विचाराल तर तुमच्या प्रोजेक्टात खरी आग इथे लागू शकते.

रेपो कोणाच्या तरी वैयक्तिक खात्यावर असेल तर आधी तो ऑर्गनायझेशनमध्ये, म्हणजे गिटहबवरच्या सामाईक खात्यात, हलवा. वैयक्तिक रेपोत गिटहब फक्त मालक आणि कोलॅबोरेटर असे दोनच स्तर देतं; मधलं काही नाही. ऑर्गनायझेशनमध्ये रीड, ट्रायाज, राइट, मेंटेन आणि अॅडमिन असे पाच मिळतात. ट्रायाज ही मला फार आवडणारी पायरी आहे. त्यात माणूस इश्यूंना (नोंदवलेल्या अडचणींना) लेबल लावतो, बंद करतो, रिव्ह्यूसाठी कोणाला बोलावतो, पण कोडला हात लावू शकत नाही. नवा उत्साही माणूस तीन-चार महिने इथे राहिला की त्याचा स्वभाव कळतो. ‘नाही’ म्हटल्यावर तो कसा वागतो हे मला त्याच्या कोडपेक्षा जास्त सांगून जातं.

राइट दिल्यावरही मुख्य शाखेत थेट ढकलता येऊ नये. शाखेला संरक्षण लावा, किमान एक मंजुरी हवी, आणि मंजुरीनंतर नवा कमिट आला तर जुनी मंजुरी रद्द व्हावी. ही शेवटची खूण बहुतेक जण लावायची विसरतात. मग स्वच्छ कोडला मंजुरी घेऊन मर्जच्या आधी त्यात काहीही घालता येतं. नियमातून अॅडमिननाही सूट नको. स्वतःला सूट ठेवणारे मेंटेनर रात्री दोन वाजता, घाईत, नेमके तीच वापरतात. हे मी स्वतःवरून सांगतोय.

कोडओनर्स फाइल हा चांगला मार्ग आहे: अमुक फोल्डर बदललं तर अमक्याची मंजुरी हवी. पण तिच्या खोड्या माहीत हव्यात. एका फाइलला दोन नियम लागू पडले तर शेवटचा जिंकतो, म्हणून सर्वसाधारण नियम वर आणि खास नियम खाली. मालक म्हणून नोंदवलेल्याला राइटचा हक्क नसेल तर ती नोंद काही कामाची नाही. आणि त्या फाइलला स्वतःचा मालक ठरवून द्या, नाहीतर एखादा पुल रिक्वेस्ट (बदल आत घ्यायची विनंती) कोडओनर्सच बदलेल आणि पुढच्याला रान मोकळं. कुबरनेटीस याच विचाराने आणखी पुढे गेलंय: तिथे प्रत्येक फोल्डरच्या ओनर्स फाइलमध्ये तपासणारे वेगळे, मंजूर करणारे वेगळे, आणि निवृत्त झालेल्या मंजूरकर्त्यांची मानाची यादीही वेगळी. मोठ्या प्रोजेक्टला ते शोभतं. तिघांच्या प्रोजेक्टने त्याची नक्कल करू नये.

सीआयकडे, म्हणजे कोड आपोआप बिल्ड करून तपासणाऱ्या यंत्रणेकडे, मात्र तिघांच्या प्रोजेक्टनेही बघायला हवं. अनोळखी माणसाच्या पहिल्या पुल रिक्वेस्टवर वर्कफ्लो (सीआयची कामं) आपोआप चालू देऊ नका, मंजुरी ठेवा. ‘पुल रिक्वेस्ट टार्गेट’ नावाचा ट्रिगर तुमच्या रेपोच्या गुपितांसह (पासवर्ड, टोकन) चालतो. त्यात बाहेरून आलेला कोड चेकआउट करून चालवला, तर कमिटचा हक्क न मागताच त्याला सगळं मिळालं. मार्च २०२५मध्ये टीजे-अॅक्शन्सच्या एका लोकप्रिय अॅक्शनचे, म्हणजे वर्कफ्लोत जोडायच्या तयार तुकड्याचे, जुने टॅग (आवृत्त्यांना दिलेली नावं) हल्लेखोरांनी घातक कमिटकडे वळवले आणि ती वापरणाऱ्यांची गुपितं बिल्डच्या लॉगमध्ये उमटू लागली. बाहेरच्या अॅक्शन टॅगने न बांधता कमिटच्या पूर्ण हॅशने (न बदलणाऱ्या ओळखीने) बांधा.

पण सर्वांत महत्त्वाची किल्ली रेपोची नसतेच, ती रिलीजची असते. कोड मर्ज करू शकणारे पाच असले तरी चालतील. पॅकेज प्रसिद्ध करू शकणारे मोजकेच हवेत. २०१८मध्ये एनपीएम या पॅकेज रजिस्ट्रीवरच्या इव्हेंट-स्ट्रीम लायब्ररीच्या थकलेल्या मूळ लेखकाने मदत करतो म्हणणाऱ्या एका अनोळखी माणसाला प्रसिद्ध करायचा हक्क देऊन टाकला. त्या माणसाने एक नवी डिपेंडन्सी (आतून वापरलेलं दुसरं पॅकेज) जोडली आणि तिच्यातून बिटकॉइन वॉलेटवर डल्ला मारायचा कोड लोकांकडे गेला. एक्सझेड या फाइल आकसवणाऱ्या साधनाचं प्रकरण याहून सावकाश शिजलं. दोनेक वर्षं चांगले पॅच, सोबत इतर खात्यांवरून मेंटेनरवर ‘तू फार संथ आहेस, दुसऱ्याला हक्क दे’ असा दबाव, मग सहमेंटेनरपद, आणि २०२४च्या सुरुवातीला ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत बॅकडोअर. अँड्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरना एसएसएच (दूरच्या सर्व्हरवर शिरायची पद्धत) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं आणि २९ मार्चला त्यांनी ते उघड केलं म्हणून जग वाचलं. त्यातली एक गोष्ट तुम्ही विसरू नका: बॅकडोअर चालू करणारी बिल्डची फाइल गिट रेपोत नव्हतीच, फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये, म्हणजे प्रसिद्ध केलेल्या गठ्ठ्यात, होती. कोडचा कितीही कडक रिव्ह्यू केला असता तरी ती दिसली नसती. टारबॉल बनवणारा एकटा होता, आणि तोच हल्लेखोर होता.

म्हणून रिलीज माणसाच्या लॅपटॉपवरून होऊ नये. सीआयमधून व्हावा, टॅगवरून व्हावा, आणि त्या पायरीला दुसऱ्या माणसाची मंजुरी लागावी. पायपीआय या पायथनच्या पॅकेज रजिस्ट्रीने एप्रिल २०२३पासून ट्रस्टेड पब्लिशिंग दिलंय. त्यात दीर्घकाळ जगणारं टोकनच नसतं, त्यामुळे चोरायलाही काही उरत नाही. दुहेरी पडताळणी तर आता चर्चेचा विषयच नाही. पायपीआयवर १ जानेवारी २०२४पासून ती सक्तीची आहे.

आणि इथे तुमचा हरवलेला मेंटेनर येतो. इंजिनिअरला हक्क द्यायचा की नाही याची चर्चा तुम्ही महिनाभर करताय, आणि दोन वर्षं न दिसलेल्या माणसाच्या खात्यातून आज रात्री कोणीही नवी आवृत्ती सोडू शकतं, याकडे कोणाचं लक्ष नाही. त्याचा जुना ईमेल एखाद्या बंद पडलेल्या डोमेनवर असेल, तर ते डोमेन विकत घेऊन पासवर्ड बदलायला काही तासही लागत नाहीत. आधी त्याला सापडेल त्या प्रत्येक वाटेने गाठा आणि उरलेल्या दोघांना मालक म्हणून जोडून घ्या. सापडलाच नाही तर रजिस्ट्रीकडे अर्ज करा. पायपीआयकडे त्यासाठी पेप ५४१ ही लिखित पद्धत आहे. रेपोतले त्याचे हक्क मात्र आजच काढा. यात अपमान काही नाही, पण तो वाटू नये म्हणून नियम आधी लिहून ठेवावा: बारा महिने काही हालचाल नसेल तर हक्क आपोआप जातात, नाव माजी मेंटेनरांच्या यादीत जातं, परत आल्यावर एका मेलवर हक्क परत. हा नियम असता तर तुम्हाला आज हा निर्णय एका मित्राविरुद्ध घेतोय असं वाटलं नसतं. हक्क काढताना फक्त रेपोकडे बघू नका. डोमेन, सर्व्हरच्या किल्ल्या, सीआयची गुपितं, सही करायची किल्ली, चॅटचं अॅडमिनपद, सगळीकडे नाव शोधा. आमच्याकडे एकदा सगळं काढलं आणि डोमेनचं बिल त्याच्याच कार्डावर राहिलं होतं. ते संपलं तेव्हा कळलं.

तर क्रम असा ठेवा. या आठवड्यात रजिस्ट्रीची मालकी आणि शाखेचं संरक्षण. पुढच्या आठवड्यात डीसीओ, तेव्हापासून पुढच्या कमिटांना. जुन्या साठ जणांना त्रास देऊ नका. इंजिनिअरला कंपनीचा मेल मागा, आणि त्यासोबत चार हजार ओळींचे सात-आठ तुकडे करायला सांगा. इतका मोठा पॅच कोणी खरोखर वाचत नाही, फक्त मंजूर करतं. मेल येईपर्यंत रिव्ह्यू चालू राहू दे, मर्ज थांबू दे. त्याला आत्ता ट्रायाज द्या. सगळे तुकडे आत गेल्यावर त्याच्या मॉड्यूलच्या फोल्डरचा कोडओनर करा आणि त्यासाठी राइट द्या. शाखेचं संरक्षण असल्यामुळे राइट देऊनही तो एकटा काही आत घालू शकणार नाही. रिलीजचा हक्क देऊ नका, आणि तो का देत नाही हे त्याला तोंडावर सांगा. चांगला इंजिनिअर असेल तर त्याला ते आधीच पटलेलं असेल. आणि कंपनीने मेल द्यायला नकार दिला तर ते मॉड्यूल कितीही सुंदर असो, पुल रिक्वेस्ट बंद करा, आणि तो भाग लिहायला असा माणूस शोधा ज्याने या चार हजार ओळी उघडून पाहिलेल्या नाहीत. तुम्ही दोघांनी त्या आता वाचल्या आहेत, त्यामुळे तुमच्यापैकी कोणी नको.